खासदारांच्या भत्त्यांचे कागद इंदुरातून कसे मागवावेत

लोकप्रतिनिधी भत्त्यांवर कशी चैन करतात, याची चर्चा इंदूरच्या राजवाडा चौकात कितीही रंगली, तरी सरकारची पंचाईत होते ती एखादे बिल बाहेर आल्यावरच. ब्रिटनमध्ये २००९ साली खासदारांच्या खर्चाचे तपशील फुटले, तेव्हा लोकांच्या लक्षात राहिले ते एका खासदाराने मागणीत दाखवलेले, तळ्यातल्या बदकांसाठीचे १,६४५ पौंडांचे घर. त्या गदारोळात सभापती मायकेल मार्टिन यांना पद सोडावे लागले. म्हणून माहिती अधिकाराचा अर्ज एकाच बाबीपुरता आणि एकाच वर्षापुरता करावा.

बाब निवडण्यातच अर्धे काम आहे. मतदारसंघ भत्ता दरमहा ठोक मिळतो, त्यामुळे त्याच्या पावत्या मागण्यात अर्थ नाही. प्रवासाचे तसे नाही, कारण प्रत्येक प्रवासाला तारीख असते. राज्यसभेचे माजी सदस्य अनिल सहनी यांना न केलेल्या प्रवासांची बनावट तिकिटे आणि बोर्डिंग पास जोडून भत्ता उचलल्याच्या प्रकरणात न्यायालयाने २०२२ साली दोषी ठरवले आणि त्यांची बिहारमधली आमदारकी गेली.

अर्ज लोकसभा सचिवालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे, १० रुपयांच्या पोस्टल ऑर्डरसह स्पीड पोस्टाने पाठवावा. कायद्याला इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा चालते. मध्य प्रदेशाची राजभाषा हिंदी, म्हणजे आपली मराठी घरी ठेवून हिंदीतच लिहिणे आले. माझ्या पहिल्या अर्जात ‘जनतेचा पैसा कुठे उधळला?’ असा बाणेदार प्रश्न होता आणि तो अस्पष्ट ठरवून मला परत पाठवण्यात आला, हे योग्यच झाले. त्याऐवजी असे लिहावे: ‘१ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५ या काळात अमुक सदस्यांनी सादर केलेल्या प्रवासभत्त्याच्या प्रत्येक मागणीतील तारीख, कोठून कोठे, प्रवासाचे साधन व मंजूर रक्कम, तसेच जोडपत्रांच्या प्रमाणित प्रती.’

उत्तर ३० दिवसांत यायला हवे. ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नकार आला, तर ३० दिवसांत प्रथम अपील करून त्यात कलम ८(२), म्हणजे व्यापक जनहिताचा मुद्दा, स्पष्टपणे मांडावा. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातील दुरुस्तीने ‘वैयक्तिक माहिती’च्या कलमातलीच जनहिताची सवलत काढून टाकली, त्यामुळे खरा आधार तोच उरला आहे. तिथेही निराशा झाली, तर ९० दिवसांच्या आत केंद्रीय माहिती आयोगाकडे जाता येते.

कागद आले की त्यांतल्या तारखा स्थानिक वृत्तपत्रांतील कात्रणांशी ताडून पाहाव्यात: ज्या दुपारी साहेब इंदुरात फीत कापत होते, त्याच दुपारी ते दिल्लीच्या विमानात कसे? मात्र सकाळचा कार्यक्रम आणि संध्याकाळचे विमान एकाच दिवशी सहज जमते, त्यामुळे वेळ नक्की झाल्याशिवाय कोणावर बोट ठेवू नये. आणि उत्तराचे पाकीट फेकू नये, कारण अपिलाची मुदत पत्र हाती पडल्या दिवसापासून मोजतात आणि तो दिवस सिद्ध करायला पाकिटावरचा पोस्टाचा शिक्काच कामी येतो.