सुगंधी दिवा आणि डिफ्यूझर: या चुका टाळा

मागच्या पावसाळ्यात आठवडाभर ऊन पडलं नाही. घोडबंदर रोडवरच्या आमच्या घरात कपडे वाळेनात, कुबट वास हटेना. शेवटी खिडक्या लावून मी डिफ्यूझरमध्ये, म्हणजे सुगंध पसरवणाऱ्या विजेवरच्या यंत्रात, निलगिरी तेलाचे चांगले १५ थेंब टाकले. अर्ध्या तासात सासूबाईंना खोकल्याची ढास लागली. त्यांना दमा आहे, आणि उग्र तेलांनी दमेकऱ्यांचा त्रास बळावू शकतो. खिडक्या उघडल्या, डिफ्यूझर बंद केला, तेव्हा त्यांना आराम पडला.

त्या दिवशी माझ्या दोन चुका झाल्या. एक तर हे यंत्र पाणी तापवत नाही. तळाची चकती सेकंदाला लाखो वेळा थरथरते आणि पाण्याचं धुकं करून तेलासकट हवेत सोडते. म्हणजे आधीच दमट खोलीत मी ओलावा वाढवत होते! कुबट वासावर उपाय पंख्याचा आणि उघड्या खिडकीचा. पावसाळ्यात सुगंध हवाच असेल तर कापसाच्या बोळ्यावर एक-दोन थेंब पुरतात.

दुसरी चूक थेंबांची. नाक दहा-पंधरा मिनिटांत वासाला सरावतं, आपल्याला वाटतं तेल उडून गेलं, आणि आपण आणखी ओततो. गॅलरीत पाच मिनिटं उभं राहून परत आत या, मग ठरवा. १०० मिली पाण्याला तीन ते पाच थेंब आणि अर्धा तास, एवढं खूप झालं.

धुकं कमी झालं की लोक यंत्र बिघडलं म्हणतात. आधी प्लग काढा आणि चकतीवर बोट फिरवा. चिवड्याच्या डब्याच्या तळाला असतो तसा चिकट थर हाताला लागेल. टँकरचं जड पाणी असेल तर वर पांढरी पुटंही दिसतील. कापसाच्या काडीवर व्हिनेगर घेऊन हलक्या हाताने पुसा, सुरीने खरवडू नका.

मेणबत्तीच्या दिव्यात वाटीतलं पाणी आटलं की तेल करपतं आणि डोकं दुखवणारा वास सुटतो, म्हणून तो लावून झोपू नका. कॅटॅलिटिक दिव्याची गोष्ट वेगळी: त्यात ज्योत विझवल्यावर वातीचं तापलेलं टोक सुगंध पसरवत राहतं. १८९८ साली पॅरिसमध्ये मोरिस बर्जे यांनी त्याचं पेटंट घेतलं. त्यात अल्कोहोलचं खास इंधन लागतं. नुसतं तेल भरलंत तर वात चोंदते. दिवा गरम असताना इंधन तर कधीच ओतू नका.

आता तेलाबद्दल. एक किलो गुलाबतेलाला काही हजार किलो पाकळ्या लागतात. गुलाब आणि संत्रं एकाच भावात मिळत असेल, तर ते बहुधा कृत्रिम अत्तर समजा. लॅव्हेंडरचा थेंब कागदावर टाकून दुसऱ्या दिवशी बघा: भज्याच्या कागदासारखा तेलकट डाग राहिला, तर त्यात साधं तेल मिसळलंय.

आणि घरात तान्हं बाळ असेल तर निलगिरी, पुदिना लांब ठेवा, इलेक्ट्रिक कापूरदाणीसुद्धा. कापूर पोटात गेला तर लहान मुलांना झटके येऊ शकतात, त्यामुळे वड्यांची डबी वरच्या फळीवरच हवी. मांजरांच्या यकृताला या तेलांतले बरेच घटक नीट पचवता येत नाहीत. टी ट्री तेल तर मांजर असलेल्या घरात आणूच नका.