'सेनाइट'चा माग: जुन्या इंग्रजी शब्दाचा अर्थ आणि उगम कसा शोधावा

जुन्या इंग्रजी पुस्तकात 'सॅटर्डे सेनाइट' असं काही दिसलं, की शब्दकोश उघडण्याआधी ते अख्खं वाक्य उतरवून घ्या. अर्थाचा पडताळा तिथेच घ्यायचा असतो.

'सेनाइट' (sennight) म्हणजे सात रात्री, म्हणजेच आठवडा. वाराच्या नावामागे तो आला, की 'त्या वारानंतर आणखी सात दिवसांनी' असा अर्थ होतो. जेन ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' या कादंबरीत (१८१३) मिस्टर कॉलिन्स हे नातेवाईक बेनेट कुटुंबाला पत्राने कळवतात, की सोमवारी, १८ नोव्हेंबरला येतो आणि पुढच्या 'सॅटर्डे सेनाइट'पर्यंत राहतो. पहिला शनिवार २३ तारखेचा. त्यात सात मिळवा: ३०. शेजारच्या नेदरफील्ड या वाड्यातला नाच २६ तारखेला होतो आणि त्यात कॉलिन्स हजर असतात, म्हणजे २३ हे उत्तर बाद. 'आठवडा' म्हणताना आपल्या तोंडी आठ असतात, म्हणून तारीख काढताना एका दिवसाची चूक सहज होते. याच घराण्यातल्या 'फोर्टनाइट'चंही तेच: भाषांतरात 'पंधरवडा' चालेल, पण दिवस मोजायचे चौदाच.

स्कॅन केलेल्या पुस्तकांत शोधताना स्पेलिंग बदलून पाहा: एक एन, दोन एन, मध्ये ॲपॉस्ट्रॉफी, किंवा 'सेव्हननाइट' असं पूर्ण रूप. १८०० च्या आधीच्या छपाईत शब्दाच्या सुरुवातीचा एस लांब, एफसारखा दिसणारा असे. संगणक तो एफ समजतो, म्हणून एफ घालूनही शोधा. हे राहिलं, तर जुने दाखले हातून निसटतात.

उगमासाठी शब्द फोडा. प्राचीन इंग्रजीतलं रूप 'सेओफोन निह्त': सात, रात्री. रात्रीच का? रोमन इतिहासकार टॅसिटसने इ.स. ९८ च्या सुमारास नोंदवलं आहे, की जर्मन टोळ्या दिवस नव्हे, रात्री मोजतात.

आता दोन्ही तुकडे संस्कृतशेजारी ठेवा: सप्त आणि नक्त. नक्तव्रतातला (दिवसभर उपास करून रात्री जेवण्याच्या व्रतातला) तोच 'नक्त', म्हणजे रात्र. जर्मानिक भाषांत (इंग्रजी, जर्मन ज्या कुळातल्या, त्या भाषांत) मूळचा प बहुधा फ झाला आणि क चा ह, म्हणून सप्त–सेओफोन, नक्त–निह्त. ही जुळणी केवळ कानाला गोड लागणारी नाही, कारण हेच बदल पितृ–फादरसारख्या जोड्यांतही दिसतात. मात्र यावरून इंग्रजी शब्द संस्कृतातून आला असं लिहू नका. दोन्ही भाषांना हे शब्द एका समान पूर्वज भाषेकडून मिळाले आहेत.

शेवटी कोशातला शेरा वाचा. 'ऑब्सोलीट' म्हणजे वापरातून पूर्ण गेलेला. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात अशा शब्दापुढे कट्यारीची खूण असते. 'आर्केक' म्हणजे जुनाट, पण मुद्दाम जुना बाज आणायला अजून वापरला जाणारा. 'सेनाइट' या दुसऱ्या गटात बसतो.