अमेरिकी महाविद्यालयातील ‘क्रिटिकल अ‍ॅनालिसिस’ : पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यासाठी मार्गदर्शन

अमेरिकेतील बहुतेक विद्यापीठांत, शाखा अभियांत्रिकीची असो वा जीवशास्त्राची, पहिल्या वर्षी ‘कॉम्पोझिशन’ हा लेखनाचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो आणि त्यात एक तरी चिकित्सक विश्लेषणाचा निबंध लिहावा लागतो. महाराष्ट्रात शिकून तिकडे गेलेल्या विद्यार्थ्याची अडचण येथे सहसा इंग्रजीची नसते. ती अपेक्षेची असते. आपल्या शाळेतील निबंध विषयाच्या सर्व बाजूंना स्पर्श करून जातो आणि कवितेचे रसग्रहण तिच्या सौंदर्यस्थळांना दाद देते. या निबंधाला मात्र एकाच प्रश्नाचे उत्तर द्यायचे असते : समोरचा मजकूर आपले म्हणणे वाचकाला पटवण्यासाठी नेमके काय करतो, आणि ते कितपत साधते? मजकुराचा सारांश देणे किंवा त्याच्या विषयावर स्वतःचे मत मांडणे, या दोन्ही गोष्टी कितीही चांगल्या उतरल्या तरी त्यांना विश्लेषण म्हणता येत नाही.

या अभ्यासक्रमांत वारंवार नेमला जाणारा एक मजकूर उदाहरणादाखल घेऊ : कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांनी एप्रिल 1963 मध्ये अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेले पत्र. अलाबामातील आठ गोऱ्या धर्मगुरूंनी निवेदन काढून बर्मिंगहॅममधील वर्णभेदाविरोधी निदर्शने अविचारी आणि अवेळी ठरवली होती. त्यांना किंग यांनी दिलेले हे उत्तर आहे. लेखक कोण, त्याने कोणाला उद्देशून लिहिले आणि कशामुळे लिहिले, एवढी पार्श्वभूमी निबंधात दोन-तीन वाक्यांत यावी. अनेक विद्यार्थी येथेच नागरी हक्क चळवळीचा इतिहास लिहू लागतात आणि पहिले पान संपले तरी पत्राला हात लागलेला नसतो.

पहिले वाचन पेन्सिल बाजूला ठेवून करावे. दुसऱ्या वाचनात मात्र जेथे आपण थबकलो, जेथे लेखनाची चाल बदलली किंवा जेथे एखादी गोष्ट अनपेक्षित वाटली, तेथे समासात खूण करावी आणि ‘हे येथे का?’ असे स्वतःला विचारावे. या पत्रात अशी एक जागा कोणाच्याही नजरेतून सुटणार नाही. न्यायासाठी थोडे थांबा, असे सांगणाऱ्यांना उत्तर देताना किंग तीनशेहून अधिक शब्दांचे एकच वाक्य लिहितात. ‘तुम्ही जेव्हा पाहिलेले असते’ अशा धर्तीचे उपवाक्य पुन्हा पुन्हा येते. जमावाने केलेल्या हत्यांपासून ते करमणूक उद्यानात आपल्याला प्रवेश का नाही, असे विचारणाऱ्या सहा वर्षांच्या मुलीपर्यंत अनुभव साठत जातात. आणि वाक्याचा मुख्य भाग, म्हणजे मग आम्हाला थांबणे का कठीण जाते ते तुम्हाला समजेल, हा अगदी शेवटी येतो. अर्थ पूर्ण होण्यासाठी वाचकालाच ताटकळत राहावे लागते. आशय आणि रचना यांचा असा सांधा हाती लागला की निबंधाचे बीज मिळाले असे समजावे.

त्या बीजातून प्रमुख प्रतिपादन तयार होते. त्यालाच तेथे ‘थीसिस’ म्हणतात. ‘किंग यांनी प्रभावी भाषा वापरून अन्यायाविरुद्ध आवाज उठवला आहे’ हे वाक्य थीसिस म्हणून निरुपयोगी आहे, कारण ते कोणीही नाकारणार नाही आणि शेकडो इतर मजकुरांनाही ते लागू पडेल. याउलट ‘लांबत जाणाऱ्या वाक्यातून किंग थांबण्याचा ताण वाचकाला प्रत्यक्ष सोसायला लावतात, आणि त्यामुळे संयमाचा सल्ला किती सुरक्षित जागेवरून दिला जातो हे उघड होते’ या विधानावर वाद घालता येतो आणि त्याचा पुरावा मजकुरात दाखवता येतो. हे वाक्य आधी मराठीत लिहून पाहावे असे मी आग्रहाने सांगेन. परक्या भाषेतील भारदस्त शब्दांआड अस्पष्ट विचार सहज लपतो, आपल्या भाषेत तो लगेच उघडा पडतो.

प्रत्येक परिच्छेदात एक मुद्दा, त्याला आधार देणारे छोटे अवतरण आणि त्या अवतरणाचे स्पष्टीकरण असावे. स्पष्टीकरण अवतरणापेक्षा मोठे असावे, कारण निबंधाचे खरे काम तेथेच होते. किंग ऑगस्टिन, अक्वायनस आणि पॉल टिलिख या ख्रिस्ती विचारवंतांचे आणि मार्टिन बूबर या ज्यू विचारवंताचे दाखले देतात, एवढे नोंदवणे म्हणजे केवळ यादी झाली. पत्र ज्यांना लिहिले त्या आठ जणांत ख्रिस्ती धर्मगुरूंबरोबर एक ज्यू रब्बीही होते आणि किंग त्यांच्याच परंपरांतील अधिकारी व्यक्तींना साक्षीला बोलावतात, असे दाखवले की विश्लेषण सुरू होते.

आपल्या प्रतिपादनाला अडचणीची ठरणारी जागा टाळू नये. कृष्णवर्णीयांच्या मार्गातील मोठा अडथळा कू क्लक्स क्लॅन या हिंसक वर्णद्वेषी संघटनेपेक्षा मवाळ गोरा माणूस हाच आहे, या निष्कर्षाच्या जवळ आपण आलो आहोत, असे किंग लिहितात. ज्यांचे मन वळवायचे त्यांनाच हे दुखावणार नाही का? की पत्र त्या आठ जणांच्या नावे असले तरी त्याचा खरा वाचक त्यांच्या पलीकडचा आहे? या प्रश्नाला एक पूर्ण परिच्छेद देणारा निबंध नुसत्या स्तुतीपेक्षा कितीतरी वरचा ठरतो.

संकेतांबाबत थोडक्यात : मजकुरात लेखक काय करतो ते वर्तमानकाळात लिहावे, लेखकाचा उल्लेख पूर्ण नावाने एकदा आणि पुढे फक्त आडनावाने करावा, आणि एमएलए (संदर्भ देण्याची एक प्रचलित पद्धत) सांगितली असेल तर अवतरणानंतर कंसात आडनाव व पृष्ठक्रमांक द्यावा. किंग यांनी हे पत्र ‘व्हाय वी कान्ट वेट’ या आपल्या 1964 च्या पुस्तकासाठी सुधारले होते, म्हणून आपण कोणती आवृत्ती वापरली हे संदर्भसूचीत स्पष्ट असावे. कच्चा खर्डा झाला की तो विद्यापीठाच्या ‘रायटिंग सेंटर’मध्ये घेऊन जावा, ही मदत सहसा विनामूल्य असते. तेथे ‘व्याकरण तपासा’ असे न म्हणता ‘माझा थीसिस कोणत्या परिच्छेदात सुटतो ते सांगा’ असे विचारावे.