हांबुर्गला नवीन आलात? घड्याळाआधी पाणी बघा

नवीन आलेल्यांचा एक गोंधळ आधी मिटवू. मुख्य स्टेशनातून बाहेर पडून थोडं चाललं की मोठं पाणी दिसतं. मधोमध कारंजं, पांढऱ्या बोटी, काठाला दुकानं. लोक फोटो काढतात आणि घरी ‘बंदर पाहिलं’ म्हणून पाठवतात. ते बंदर नव्हे. ती आल्स्टर, एका छोट्या नदीला बांध घालून केलेलं तळं. छान आहे, बाहेरच्या मोठ्या तळ्याला सुमारे साडेसात किलोमीटरची प्रदक्षिणाही घालता येते, पण तिथलं पाणी वरखाली होत नाही. बंदर आहे एल्बे नदीवर. समुद्र तिथून शंभर किलोमीटर लांब आहे, तरी भरती-ओहोटी अगदी कोकणातल्या खाडीसारखी येते.

शहर बघायचं वेळापत्रक या भरतीवरच ठरवा. भरती आणि सुकती यांच्या पातळीत इथे साडेतीन मीटरहून जास्त फरक पडतो. पाणी चढायला साधारण पाच तास लागतात, उतरायला सात तासांहून जास्त. भरतीची वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते, त्यामुळे गेल्या शनिवारी जुळलेला बेत या शनिवारी जुळेलच असं नाही. बीएसएच या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर ‘सेंट पाउली’ या ठिकाणाच्या रोजच्या वेळा मिळतात. तिथे ‘होखवासर’ म्हणजे भरतीचा माथा आणि ‘नीड्रिगवासर’ म्हणजे ओहोटीचा तळ. पहिल्या शब्दाचा दुसरा अर्थ ‘पूर’ असाही आहे, म्हणून भाषांतराच्या ॲपवर विसंबून घाबरून जाऊ नका.

याचा सगळ्यात जास्त फरक पडतो तो श्पायशरश्टाटमध्ये. ही लाल विटांच्या गोदामांची वस्ती. काम १८८३ मध्ये सुरू झालं, पहिला टप्पा १८८८ मध्ये खुला झाला आणि २०१५ पासून ती जागतिक वारसा यादीत आहे. गोदामांमधून ‘फ्लेट’ नावाचे कालवे जातात आणि छोट्या लाँच, म्हणजे इथल्या भाषेत ‘बार्कासे’, त्यातून फिरवून आणतात. पण ओहोटीला कालव्यात इतकं कमी पाणी उरतं की लाँच आत जाऊच शकत नाही. उलट उधाणाच्या भरतीला पाणी इतकं चढतं की पुलाखालून जायला जागा पुरत नाही. अशा वेळी तिकीट तेवढ्याच पैशांचं, फेरी मात्र नुसती मोठ्या बंदरातून. म्हणून तिकीट काढण्याआधी सरळ विचारा, ‘श्पायशरश्टाटमध्ये जाणार का?’ धक्क्यावर ओरडून गिऱ्हाईक बोलावणारा हो म्हणाला, तरी वेळापत्रक स्वतः बघा. ओहोटीच्या तळाच्या आसपासची वेळ टाळलात तर बहुतेक वेळा काम होतं.

मात्र पहिल्याच दिवशी पर्यटकांच्या बोटीवर पैसे घालू नका. लांडुंग्सब्र्युकन म्हणजे बंदरातले बोटींचे मुख्य धक्के. त्यातल्या तीन क्रमांकाच्या धक्क्यावरून ६२ नंबरची फेरी सुटते. ती बस-मेट्रोसारखीच शहर वाहतुकीचा भाग आहे, त्यामुळे तुमचं साधं एचव्हीव्ही (शहर वाहतुकीचं) तिकीट किंवा डॉइचलांड तिकीट (देशभरच्या स्थानिक वाहतुकीचं मासिक तिकीट) तिच्यावर चालतं. दिवसा साधारण पाव तासाने एक फेरी असते आणि पलीकडच्या काठावरच्या फिंकनवेर्डरला पोचायला अर्धा तास लागतो. जाताना डावीकडे जहाजांच्या गोद्या आणि पुढे कंटेनरचे धक्के, उजवीकडे मासळीबाजार, अल्टोनाची चढण आणि ओव्हेलग्योनेचा वाळूचा किनारा. वरच्या उघड्या डेकवर जा, पण टोपी घट्ट धरा. फिंकनवेर्डरहून तसंच परत येण्यापेक्षा तिथे ६४ नंबरची फेरी पकडून समोरच्या काठावर टॉयफेल्सब्र्युकला उतरा. तिथून नदीकाठाने शहराच्या दिशेने तासभर निवांत चाललं की ओव्हेलग्योने येतं, आणि तिथून पुन्हा ६२. बंदराची ही सर्वांत चांगली सहल एका दिवसाच्या तिकिटात होते. उन्हाच्या रविवारी दुपारी मात्र ६२ वर रांग लागते आणि भरलेली बोट तुम्हाला न घेता निघून जाते. सकाळी दहाच्या आत निघा.

आईवडील सोबत असतील किंवा बाबागाडी असेल तर आणखी एक गोष्ट. हे धक्के तरंगते आहेत, पाण्याबरोबर वरखाली होतात. भरतीला रस्त्यावरून धक्क्यावर जाणारा पूल जवळजवळ सपाट असतो, ओहोटीला तोच चांगलाच उतरता होतो. ओल्या पुलावर गुडघेदुखी असलेल्या माणसाला तो उतार जड जातो. लांडुंग्सब्र्युकनच्या मनोऱ्यावर पाण्याची पातळी दिसते, ती बघून ठरवा.

ओव्हेलग्योनेच्या किनाऱ्यावर एक धोका आहे, तो नीट समजून घ्या. तिथे वाळू आहे, मुलं खेळतात, म्हणून पोहायला हरकत नसेल असं वाटतं. पोहू नका. चारशे मीटर लांबीची कंटेनर जहाजं समोरून जातात तेव्हा आधी किनाऱ्यावरचं पाणी ओढून नेतात आणि मग लाट परत फेकतात. वर ओहोटीची ओढ असतेच. उथळ पाण्यात घोट्यापर्यंत उभं असलेलं मूलही पडतं. मोठं जहाज दिसलं आणि काठाचं पाणी मागे सरकायला लागलं की मुलांना वाळूवर वर न्या, चपला आणि पिशव्याही उचला. इथल्या वाळूवरचा तो अवाढव्य दगड, ‘आल्टर श्वेडे’, नदीचा तळ उपसताना १९९९ मध्ये सापडला. वजन २१७ टन. फोटोला चांगला.

तिकिटांचं थोडक्यात. स्टेशनवर फाटक नसतं, त्यामुळे तिकीट न काढता आत जाता येतं आणि तिथेच नवे लोक फसतात. तपासनीस साध्या कपड्यात असतात, दंड ६० युरो. हांबुर्गमध्ये मशीनमधून घेतलेलं तिकीट लगेच सुरू होतं, वेगळा शिक्का मारावा लागत नाही. बसमध्ये रोख पैसे घेत नाहीत. डॉइचलांड तिकीट २०२६ पासून महिन्याला ६३ युरो आहे. ते कॅलेंडरच्या महिन्यावर चालतं, म्हणजे १५ तारखेला घेतलं तरी महिनाअखेर संपतं. ते तुमच्या नावावर असतं, सोबत फोटो असलेलं ओळखपत्र लागतं, दुसऱ्याला देता येत नाही, आणि आयसीई या लांब पल्ल्याच्या वेगवान गाडीत चालत नाही. पण वर्गणी आपोआप पुढे चालू राहते. बंद करायची तर त्या महिन्याच्या १० तारखेच्या आत कळवा, नाहीतर पुढच्या महिन्याचे पैसे जातात. पाहुणे दोन-चार दिवसच असतील तर त्यांच्यासाठी सकाळी नऊनंतर चालणारं दिवसाचं तिकीट घ्या. त्याचंच पाच जणांपर्यंतचं गट-तिकीट मिळतं. तिघे असाल तर आधी तीन वेगळ्या तिकिटांची बेरीज गट-तिकिटाशी ताडून बघा.

वेगळे पैसे न लागणाऱ्या दोन गोष्टी. पहिली, यू३ मेट्रो, नेहमीच्या तिकिटावर. राटहाउसकडून (नगरभवनाकडून) लांडुंग्सब्र्युकनकडे जाताना ही गाडी जमिनीखालून वर येते आणि बाउमवाल स्टेशनजवळ लोखंडी खांबांवरून थेट बंदराच्या काठाने धावते. डाव्या खिडकीत बसा. दुसरी, जुना एल्बे बोगदा. १९११ मधला, ४२६ मीटर लांब, पाण्याखाली सुमारे २४ मीटर. लांडुंग्सब्र्युकनच्या पश्चिम टोकाच्या घुमटातून लिफ्टने किंवा जिन्याने उतरा, चालत पलीकडे जा. पलीकडून शहराची रेषा समोर दिसते आणि तुम्ही उत्तरेकडे तोंड करून असल्यामुळे ऊन पाठीमागून येतं, म्हणून फोटो दिवसभर चांगले येतात. आत जुलैतही गारवा असतो.

एल्बफिलहार्मोनी या संगीतसभागृहाच्या ३७ मीटर उंचीवरच्या गच्चीवर, म्हणजे ‘प्लाझा’वर, ठरावीक वेळेला ठरावीकच माणसं सोडतात. शनिवार-रविवारची वेळ आधी ठरवून पास घ्या. मिनियाटूर वुंडरलांड या छोट्या रेल्वेच्या प्रदर्शनाचंही तेच, पावसाळी सुट्टीच्या दिवशी आयत्या वेळी जाल तर रांगेत उभे राहाल. संत मिखाएल चर्चच्या मनोऱ्यावर, ज्याला सगळे ‘मिशेल’ म्हणतात, लिफ्ट आहे. वर वारा सोसाट्याचा.

मासळीबाजार फक्त रविवारी, साडेनऊपर्यंत. उन्हाळ्यात पहाटे पाचला सुरू होतो, हिवाळ्यात सातला. तो १७०३ पासून भरतो. नाव मासळीचं असलं तरी फळं, फुलं, झाडं सगळं ओरडून विकतात आणि नऊनंतर टोपलीभर फळांचा भाव उतरतो. शाकाहारी असाल तर ‘फ्रांत्सब्र्योटशन’ नावाची दालचिनीची चपटी पेस्ट्री घ्या. भारतीय किराणा हवा असेल तर स्टेशनलगतच्या श्टाइनडाम रस्त्यावर भारतीय, अफगाण आणि तुर्की दुकानं आहेत. रविवारी मात्र बहुतेक सगळी दुकानं बंद, तेव्हा दूध-ब्रेड स्टेशनमधल्या दुकानात मिळतं. छोट्या बेकऱ्या कार्ड नाकारू शकतात, खिशात वीस युरोची नोट ठेवा.

गाडी असेल तर हिवाळ्यात मासळीबाजाराच्या मैदानात ती कधीही रात्रभर ठेवू नका. वायव्येचा वारा उत्तर समुद्राचं पाणी एल्बेच्या नरसाळ्यासारख्या मुखात ढकलतो आणि तेच भरतीच्या वेळेला आलं की ते मैदान पाण्याखाली जातं. दर हिवाळ्यात वेळच्या वेळी इशारा मिळतो आणि तरी कुणाच्या ना कुणाच्या गाडीत पाणी जातंच. असा इशारा ‘श्टुर्मफ्लूट’ या शब्दाने येतो. फोनवर ‘निना’ हे सरकारी ॲप ठेवा. फेब्रुवारी १९६२ च्या अशाच पुरात शहरात ३१५ माणसं गेली, म्हणून इथे कुणी याची थट्टा करत नाही. हाफेनसिटी या बंदराकाठच्या नव्या वस्तीतल्या इमारती उंच जोत्यावर बांधल्या आहेत, पण खालचे जुने रस्ते आणि धक्क्यावरचे पदपथ बुडतात. तशा दिवशी ते बघायला खाली उतरू नका, वरच्या पुलांवरून दिसतं.

कपड्यांबाबत एकच सांगणं: छत्री घेऊ नका. इथला पाऊस आडवा येतो आणि छत्री उलटी होते. टोपी असलेलं वाऱ्याचं जाकीट घ्या, एप्रिलमध्येही कानटोपी सोबत असू द्या. डिसेंबरात चारच्या सुमाराला अंधार पडतो, म्हणून बंदर सकाळी आणि संग्रहालयं दुपारी. जूनमध्ये उजेड रात्री दहापर्यंत असतो, तेव्हा जेवून निघालात तरी चालतं.

रीपरबान या रात्रीच्या करमणुकीच्या आणि वेश्यावस्तीच्या भागात जाणार असाल तर तिथे उभ्या असलेल्या बायकांचे किंवा दारांवरच्या रखवालदारांचे फोटो काढू नका. शनिवार-रविवारच्या रात्री रस्त्यावर काचेची बाटली नेता येत नाही. बस-मेट्रोतही दारू पिण्याला बंदी आहे. मुख्य स्टेशनवर गर्दी प्रचंड, पाकीट मागच्या खिशात नको. आणि दुकानात शिरताना सकाळ असो की रात्र, ‘मोइन’ (इथला नमस्कार) म्हणा. एकदाच. दोनदा म्हणणं इथे वटवट समजतात.

पाहुण्यांना विमानतळावर सोडताना एस१ गाडी घ्या, मुख्य स्टेशनहून पंचवीसएक मिनिटं लागतात. ही गाडी ओल्सडॉर्फला तुटते. पुढचे तीन डबे विमानतळाला जातात, मागचे पॉपेनब्युटेलला. फलाटावर गाडी येण्याआधीच सामान घेऊन पुढच्या टोकाला जाऊन उभे राहा. मागच्या डब्यात बसलात हे ओल्सडॉर्फला कळलं तर बॅगा घेऊन पळापळ करू नका, उतरा आणि दहा मिनिटांनी येणाऱ्या पुढच्या गाडीच्या पहिल्या तीन डब्यांत बसा. ती दहा मिनिटं घरून निघतानाच धरून ठेवा.