सिल्व्हराडोला हेडर बसवताना खरे काम मागच्या बोल्टचे

शेव्हरोले सिल्व्हराडो आणि तिचीच जीएमसी आवृत्ती सिएरा या अमेरिकी पिकअप ट्रकांच्या १९९९ ते २००६ च्या पिढीत ५.३ लिटरचे व्ही-८ इंजिन सर्रास आढळते. त्याचे मूळ बिडाचे एग्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांतला जळका वायू गोळा करून पुढच्या पाइपात सोडणारा ओतीव भाग, काढून त्या जागी नळ्यांचे हेडर बसवण्याविषयी भरपूर सल्ले मिळतात, पण ते बहुतेक नळीच्या व्यासावर आणि वाढणाऱ्या अश्वशक्तीवरच खर्ची पडतात. हेडरची निवड एका संध्याकाळी उरकते. शनिवार-रविवार खातो तो सिलिंडर-हेडच्या, म्हणजे सिलिंडरांवर बसणाऱ्या झाकणाच्या, मागच्या टोकाचा, ८ मिलिमीटरचा, गंजलेला बोल्ट.

निवडीविषयी मात्र थोडे स्पष्ट बोलायला हवे. आखूड नळ्यांचे हेडर मूळ मॅनिफोल्डच्या जागी बसतात आणि पुढचा पाइप शक्यतो तसाच राहतो. फायदा माफक असतो. लांब नळ्यांच्या हेडरमध्ये प्रत्येक सिलिंडरचा वायू स्वतंत्र नळीतून बराच पुढे जाऊन मग एकत्र येतो, एका सिलिंडरच्या बाहेर पडणाऱ्या लोटामागची पोकळी दुसऱ्याचा वायू ओढून घेते आणि इंजिन खरोखर मोकळे होते. तरीही साध्या, कॅमशाफ्ट न बदललेल्या ५.३ ला पावणेदोन इंचांपेक्षा मोठी नळी लावू नये. ट्रेलर ओढणाऱ्या ट्रकला १ ५/८ इंचही पुरते. १ ७/८ इंचाच्या नळीत वायूचा वेग मंदावतो आणि कमी आरपीएमवरची ओढ जाते, म्हणजे ट्रक ज्यासाठी घेतला तेच नेमके गमावले जाते. फ्लँज, म्हणजे हेडला टेकणारी हेडरची सपाट पट्टी, ३/८ इंच जाडीचा असावा, कारण पातळ फ्लँज उष्णतेने वाकतो आणि गळती सुरू होते. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या राज्यांत ३०४ दर्जाचे स्टेनलेस घ्यावे. नुसता रंग दिलेले साधे पोलाद तिथे टिकत नाही.

विकत घेण्याआधी कायदाही पाहावा. एग्झॉस्टमधला विषारी वायू शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकणे अमेरिकेच्या स्वच्छ हवा कायद्याखाली बेकायदा आहे, आणि लांब हेडरसाठी तो मागे सरकवणेही याच नियमात अडकू शकते. कॅलिफोर्नियात तर राज्याच्या हवा संसाधन मंडळाचा मंजुरी क्रमांक असलेलेच हेडर चालतात, आणि असे क्रमांक बहुधा आखूड नळ्यांच्या संचांना मिळालेले असतात. भारतातल्या वाचकांनी हे सगळे आपल्याकडच्या डिझेल पिकअपला लावण्याचा विचार सोडून द्यावा: तिथे मॅनिफोल्डवर टर्बो बसलेला असतो, शिवाय वाहनातल्या फेरबदलांवर बंधन घालणाऱ्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा प्रश्न उरतोच.

बॅटरीच्या तारा काढणे, ट्रक भक्कम स्टँडवर घेणे, प्लग आणि त्यांच्या तारा उतरवणे, चारही ऑक्सिजन सेन्सर खुणा करून सोडवणे, हे सांगण्याची गरज नाही.

आता बोल्ट. या इंजिनाचा ब्लॉक बहुधा लोखंडी असला तरी हेड ॲल्युमिनियमचे आहे, आणि मॅनिफोल्ड बिडाचे. दोन्ही धातू तापल्यावर वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात. लांबट मॅनिफोल्ड दर वेळी तापताना व निवताना हेडवर पुढे-मागे सरकू पाहते, आणि त्याचा सर्वांत जास्त मार टोकांच्या बोल्टांना बसतो. सिलिंडर ७ आणि ८ यांच्या मागचे बोल्ट म्हणूनच तुटतात, आणि पुष्कळदा ते तुम्ही पाना लावण्याआधीच तुटलेले असतात. थंड इंजिन सुरू केल्यावर टिकटिक ऐकू येऊन गरम झाल्यावर ती थांबत असेल, तर एखादा बोल्ट गेलेला आहे असे धरूनच सामान आणावे.

या टप्प्यावर मीही एकेकाळी खूप अडलो आहे, त्यामुळे पुढचे आग्रहाने सांगतो. मागच्या बोल्टपर्यंत बोनेटमधून पोहोचण्याचा प्रयत्न करू नका. पुढची चाके काढा, चाकामागचे प्लास्टिकचे आच्छादन उतरवा आणि बाजूने आत जा. तिथून हात सरळ पोहोचतो, बोल्टचे डोके दिसते आणि सॉकेट तिरके बसत नाही. हे आच्छादन काढायला कंटाळणारा माणूस पुढे त्या वेळेच्या कितीतरी पट वेळ आटे दुरुस्त करण्यात घालवतो.

गंज सोडवणारे चांगले तेल आदल्या दिवशीच सकाळ-संध्याकाळ सोडावे. कामाच्या दिवशी इंजिन तापवून बंद करावे आणि मॅनिफोल्ड हाताला सोसेल इतके निवू द्यावे. ॲल्युमिनियम पोलादापेक्षा जास्त फुगत असल्याने आट्यांची पकड या अवस्थेत थोडी सैल असते. सॉकेट सहा कोनी घ्यावे. बारा कोनी सॉकेट गंजलेले डोके गोल करते. आधी बोल्ट किंचित आवळण्याच्या दिशेने हलवून पाहावा, मग सोडवण्याच्या दिशेने, पुन्हा उलट, मध्ये तेल. करकर आवाज येऊन हलका हलका फिरत असेल तर पुढे जा. पान्याला रबरासारखी लवचीक ओढ जाणवत असेल, तर बोल्ट फिरत नसून पिळला जात आहे. तिथेच थांबा, उष्णता द्या, तेल द्या. ‘लांब पाइप लावून एकच हिसका द्या’ हा सल्ला देणाऱ्याला पुढचे वेल्डिंगही करायला बोलवावे.

बोल्ट तुटलाच आणि त्याचा तुकडा बाहेर डोकावत असेल, तर त्यावर नट वेल्ड करणे हा माझ्या मते एकमेव शहाणा मार्ग आहे. आधी तुकड्यावर वॉशर ठेवून तो वेल्ड करावा, मग त्यावर थोडा मोठा नट ठेवून आतून भरावा. पोलादाचा टाका ॲल्युमिनियमला धरत नाही, त्यामुळे हेडला भीती कमी असते. आणि खरे काम टाक्याइतकेच त्या उष्णतेने होते, कारण तापून निवताना गंजाची पकड मोडते. लाली गेली की तेल द्यावे आणि नट मागे-पुढे हलवत बाहेर आणावा. पहिला नट निघून आला तर निराश न होता दुसरा लावावा. प्रत्येक वेळी उष्णता आणखी आत पोहोचते. वेल्डिंगपूर्वी एग्झॉस्टची छिद्रे झाकावीत, इंधनाच्या नळ्या ओल्या जाड कापडाने संरक्षित कराव्यात आणि आग विझवण्याचे नळकांडे हाताशी ठेवावे.

तुकडा हेडच्या पातळीत तुटला असेल तर ड्रिल टाळता येत नाही, पण ते अंदाजाने करू नये. शेजारच्या छिद्रांना बांधून मध्य साधणारा साचा मिळतो; तो घ्यावा. उलट्या फिरण्याचे, म्हणजे डाव्या हाताचे ड्रिल वापरले की बोल्ट कधीकधी ड्रिलबरोबरच बाहेर येतो. तुटका बोल्ट ओढून काढण्याचा शंकूच्या आकाराचा एक्स्ट्रॅक्टर ठोकू नका: तो अतिशय कठीण पोलादाचा असतो, आत मोडतो, आणि मग त्याला साधे ड्रिल लागत नाही. सगळे उपाय थकले तर ६.८ मिलिमीटरपर्यंत भोक वाढवून ८ मिलिमीटर व १.२५ पिचचे (दोन आट्यांमधले अंतर १.२५ मिलिमीटर) आटे साफ करावेत; मूळ आटे मेले असतील तर ८.३ मिलिमीटरचे भोक आणि गुंडाळीदार इन्सर्ट, म्हणजे नवे आटे देणारी तारेची गुंडाळी. बोल्टच्या लांबीपेक्षा खोल जाऊ नये.

हेडचा पृष्ठभाग प्लास्टिकच्या पट्टीने आणि द्रावकाने साफ करावा. फिरणारी अपघर्षक चकती ॲल्युमिनियमवर खड्डे पाडते. हेडरसोबत आलेली पुठ्ठ्यासारखी गॅस्केटे फेकून कंपनीची पोलादी पदरांची बसवावीत. लांब हेडर खालून वर जातात. चालकाच्या बाजूने स्टीअरिंगचा दांडा सोडवावा लागला, तर त्याआधी स्टीअरिंग सरळ करून बांधून ठेवा; चाक मोकळे फिरले तर एअरबॅगच्या तारांची गुंडाळी तुटते. दुसऱ्या बाजूला तेल मोजण्याच्या काडीची नळी आणि स्टार्टरच्या तारा सांभाळाव्यात.

सगळे बोल्ट आधी बोटांनी चालू करा, एकही आवळू नका. मग मधल्या दोनपासून बाहेरच्या दिशेने, पहिल्या फेरीत ११ पाउंड-फूट आणि दुसऱ्या फेरीत १८ पाउंड-फूट. हा आकडा कमी वाटतो, म्हणून लोक अंदाजाने जास्त आवळतात आणि ॲल्युमिनियमचे आटे ओढून काढतात. टॉर्क पाना, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणारा पाना, नसेल तर उसना आणा. प्लगच्या तारा नळ्यांना टेकत नाहीत ना हे पाहून उष्णतारोधक बाही चढवावी.

गळती शोधण्यासाठी इंजिन थंड असताना व्हॅक्यूम क्लीनरची हवा मागच्या पाइपमधून आत सोडावी आणि सांध्यांवर साबणाचे पाणी फवारावे. बुडबुडे जागा दाखवतात. ऑक्सिजन सेन्सरच्या आधी बारीकशी गळती राहिली तरी बाहेरची हवा आत ओढली जाते, संगणकाला मिश्रणात इंधन कमी वाटते आणि तो उगाच जास्त इंधन ओततो. सुरुवातीला थोडा धूर आणि वास येईल, तो हाताच्या तेलाचा आणि लेपाचा असतो. काही वेळा गरम-थंड झाल्यावर सर्व बोल्ट थंड इंजिनावर पुन्हा १८ पाउंड-फुटांना तपासावेत, आणि मागच्या दोन बोल्टांसाठी ते चाकामागचे आच्छादन त्या तपासणीपर्यंत बसवूच नये.