परदेशात नर्स म्हणून जायचंय? व्हिसाआधीची कागदपत्र पडताळणी पुण्यातून कशी पार पाडायची

पुण्यातल्या एका नर्सिंग कॉलेजात मी बरीच वर्षं ट्यूटर होते. शिकवण्याइतकाच वेळ माजी विद्यार्थिनींचे फॉर्म भरण्यात जायचा. "मॅडम, अमेरिकेचा फॉर्म आलाय", "मॅडम, डेटाफ्लोचा मेल आलाय का बघा ना", असे फोन ऐन परीक्षेच्या दिवसांत यायचे (डेटाफ्लो म्हणजे आखाती देशांसाठी कागद तपासणारी कंपनी). टेबलाच्या या बाजूला बसल्यामुळे एक गोष्ट फार लवकर कळली. मुली परीक्षेत क्वचित अडकतात, अडकतात त्या कागदात. आणि तो कागद बहुतेक वेळा त्यांच्या हातातला नसतोच.

पडताळणीचं मूळ तत्त्व समजलं की पुढचं सगळं सोपं होतं. तुमच्या हातातल्या डिग्रीवर परदेशातली यंत्रणा विश्वास ठेवत नाही. डिग्री खरी आहे का, हे ती देणाऱ्याला विचारते. शिक्षणाबद्दल कॉलेजला आणि विद्यापीठाला, नोंदणीबद्दल राज्याच्या नर्सिंग परिषदेला, अनुभवाबद्दल हॉस्पिटलला. उत्तरही त्यांनी थेट पाठवायचं असतं. तुम्ही मधे पोस्टमनसुद्धा व्हायचं नाही. म्हणून तुमचं खरं काम एवढंच, की या तीन-चार ठिकाणी विचारणा पोहोचेल तेव्हा तिथे उत्तर देणारा माणूस आणि सापडणारं रेकॉर्ड दोन्ही असायला हवं.

पहिलं काम: नाव

कॉलेजला फोन करण्याआधी घरी जमिनीवर सगळे कागद पसरा. दहावीचं मार्कशीट, बारावीचं, नर्सिंगच्या सगळ्या वर्षांची मार्कशीट, डिग्री किंवा डिप्लोमा, परिषदेचं नोंदणीपत्र, अनुभवाची पत्रं, पासपोर्ट. आता प्रत्येकावरचं नाव एका कोऱ्या कागदावर जसंच्या तसं उतरवून काढा.

आपल्याकडे मार्कशीटवर आधी आडनाव, मग स्वतःचं, मग वडिलांचं नाव. काही ठिकाणी शेवटी आईचंही. पासपोर्टवर आडनाव एका रकान्यात आणि उरलेलं सगळं दुसऱ्यात. लग्न झालं की शिंदे सुनीता रामचंद्र ही सुनीता अविनाश जगताप होते, आणि काही घरांत अजूनही पहिलं नावसुद्धा बदलतात. त्यात इंग्रजी स्पेलिंग: एका कागदावर सुनीतामध्ये आय, दुसऱ्यावर डबल ई. आपल्याला यात काहीच वावगं वाटत नाही. फिलाडेल्फियात किंवा दुबईत फाइल उघडणाऱ्याला मात्र त्या तीन वेगवेगळ्या बायका वाटतात.

लग्नामुळे बदललेल्या नावाला विवाह नोंदणीचा दाखला पुरतो. पहिलं नाव बदललं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातली नोंद हवी. स्पेलिंगची चूक मार्कशीटवर असेल तर ती विद्यापीठाकडूनच दुरुस्त करून घ्या, प्रतिज्ञापत्रावर भागवू नका. प्रतिज्ञापत्र म्हणजे शेवटी तुमचंच म्हणणं, आणि पडताळणीत तुमच्या म्हणण्याला किंमत सगळ्यात कमी. परिषदेच्या नोंदवहीत लग्नानंतरचं नाव चढवलं नसेल तर तेही याच वेळी करून घ्या. पासपोर्टवरचं नाव हे शेवटचं प्रमाण धरून बाकीचे कागद त्याच्याशी जोडत जायचे.

लग्न ठरलेल्या मुलींना मी एक आगाऊ सल्ला द्यायचे आणि त्यांच्या सासवांच्या डोळ्यांत खुपायचे: फाइल सुरू असताना नाव बदलू नका. संसार जुन्या नावानेही होतो.

दुसरं काम: कुठे जायचं ते ठरवा, कारण चाळणी देशागणिक वेगळी

अमेरिकेसाठी १९९६ च्या स्थलांतर कायद्यातल्या कलम ३४३ नुसार परदेशी आरोग्य कर्मचाऱ्यांना व्हिसाआधी प्रमाणपत्र लागतं. नर्सना ते देणारी मुख्य संस्था सीजीएफएनएस. तिचं नाव आता ट्रूमेरिट झालं असलं तरी पुण्यात सगळे जुनंच नाव घेतात. या प्रमाणपत्राचं नाव व्हिसास्क्रीन. नर्सखेरीज फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, स्पीच थेरपिस्ट, ऑडिओलॉजिस्ट, लॅब टेक्नॉलॉजिस्ट आणि फिजिशियन असिस्टंट यांनाही हा नियम आहे. डॉक्टरांना नाही, त्यांचा रस्ता ईसीएफएमजी या परदेशी डॉक्टरांना प्रमाणित करणाऱ्या संस्थेचा.

व्हिसास्क्रीनमध्ये चार गोष्टी पाहतात: शिक्षण तिथल्या शिक्षणाच्या तोडीचं आहे का, नोंदणी निर्वेध आहे का, इंग्रजी पुरेसं आहे का, आणि नर्स असाल तर एनक्लेक्स (अमेरिकेची नर्सिंग परवाना परीक्षा) किंवा सीजीएफएनएसची स्वतःची परीक्षा उत्तीर्ण आहात का. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) आणि बीएस्सी (नर्सिंगची डिग्री) दोन्ही चालतात. एएनएम (सहायक नर्सचा छोटा अभ्यासक्रम) चालत नाही, कारण त्यांना पहिल्या पातळीची नर्स हवी असते.

आखाती देशांत डेटाफ्लो ही कंपनी पडताळणी करते आणि बहुतेक ठिकाणी परीक्षा प्रोमेट्रिक या परीक्षा घेणाऱ्या कंपनीच्या केंद्रावर होते. ब्रिटनमध्ये एनएमसी, म्हणजे तिथली नर्सिंग परिषद, नोंदणी देते. त्यांची संगणकावरची परीक्षा इथे भारतात देता येते, प्रात्यक्षिकाची तिकडे पोहोचल्यावर. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत वाचन, श्रवण, संभाषण यांत प्रत्येकी ७ आणि लेखनात ६.५ लागतात. जर्मनीला जायचं तर सगळं भाषेवर येऊन थांबतं. बोट क्लब रस्त्यावरच्या मॅक्सम्युलर भवनात नाव घाला आणि बी-२ पातळी गाठेपर्यंत दुसरं काही डोक्यात आणू नका.

दोन देशांच्या फाइली एकदम लावणाऱ्या मुली मी पाहिल्यात. कॉलेजच्या क्लार्कला एकाच आठवड्यात दोन वेगळे फॉर्म दिले की दोन्ही रखडतात, हा अनुभव.

तिसरं काम: कॉलेज आणि विद्यापीठ

इथे जरा थांबून सांगते, कारण सगळ्यात जास्त महिने इथेच जातात.

अमेरिकेच्या फॉर्ममध्ये फक्त गुणांवर भागत नाही. विषयवार थिअरीचे तास आणि क्लिनिकलचे तास वेगवेगळे मागतात: मोठ्यांचं मेडिकल-सर्जिकल, प्रसूती, बालरोग, मानसिक आरोग्य. मार्कशीटवर हे तास नसतात. ते कॉलेजच्या मास्टर रोटेशन प्लॅनमध्ये (वर्षभराच्या वर्गांच्या आणि पोस्टिंगच्या वेळापत्रकात) आणि क्लिनिकलच्या हजेरीपटात असतात, आणि तुमच्या बॅचचं ते रजिस्टर कोणत्या कपाटात आहे हे एखाद्याच शिपायाला ठाऊक असतं. त्यामुळे फोनवर "फॉर्म भरून द्या" म्हणून भागत नाही. स्वतः जा. सोबत स्वच्छ अक्षरात अर्ज न्या: पूर्ण नाव (तेव्हाचं आणि आत्ताचं), प्रवेशाचं आणि उत्तीर्ण होण्याचं वर्ष, हजेरी क्रमांक, पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक). त्या वर्षीच्या अभ्यासक्रमाची छापील प्रत तुमच्याकडे असेल तर तीही न्या. मानसोपचाराची पोस्टिंग कोणत्या हॉस्पिटलात केली ते आठवून लिहून न्या. क्लार्कचं निम्मं काम तुम्ही केलंत तर उरलेलं निम्मं तो त्याच आठवड्यात करतो.

अर्ज दिलात की आवक क्रमांक घ्या. फॉर्म रवाना झाला की जावक क्रमांक आणि तारीख घ्या. हे दोन आकडे हातात असले की पुढचा फोन "माझं काय झालं हो?" असा न जाता "अमुक जावक क्रमांकाचं पत्र पोहोचलेलं नाही" असा जातो, आणि त्याला उत्तर मिळतं.

फॉर्मवर सही प्राचार्यांची, त्यांच्या पदाचा शिक्का, कॉलेजचा गोल शिक्का. लिफाफा कॉलेजनेच बंद करायचा आणि चिकटवलेल्या कडेवरही शिक्का मारायचा. ऑनलाइन पाठवायचं असेल तर ते कॉलेजच्या अधिकृत ईमेलवरून. एका मुलीचा फॉर्म प्राचार्यांनी आपुलकीने स्वतःच्या खासगी जीमेलवरून पाठवला होता. तो परत आला आणि त्यात दीड महिना गेला.

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकला, म्हसरूळजवळ, दिंडोरी रस्त्यावर आहे. स्थापना १९९८ ची. त्याआधीची बीएस्सी नर्सिंग असेल तर डिग्री पुणे विद्यापीठाची, म्हणजे खेटे गणेशखिंडीत. जीएनएमवाल्यांनी मार्कशीटवर ज्या परीक्षा मंडळाचं नाव छापलंय त्याच्याकडे जायचं. ट्रान्सक्रिप्टचा (सगळ्या वर्षांच्या गुणांच्या अधिकृत उताऱ्याचा) अर्ज करण्याआधी विद्यापीठाचं संकेतस्थळ पाहून घ्या आणि जावंच लागलं तर वाकडेवाडीहून सकाळची पहिली नाशिक एसटी धरा. दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर पोहोचलात तर दिवस फुकट जातो.

चौथं काम: परिषद

महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं कार्यालय मुंबईत. तुमची नोंदणी आहे, चालू आहे आणि तुमच्याविरुद्ध कारवाई नाही, असं पत्र त्यांनी परदेशी संस्थेला पाठवायचं असतं. याला बोलीत सगळे गुड स्टँडिंग म्हणतात. नूतनीकरण संपलेलं असेल तर हे पत्र निघत नाही, म्हणून आधी नूतनीकरण करा. शिक्षण दुसऱ्या राज्यात झालं असेल, आणि पुण्यातल्या हॉस्पिटलांत केरळच्या कितीतरी सिस्टर आहेत, तर त्या राज्याच्या परिषदेकडूनही पत्र लागतं. जिथे जिथे नोंदणी झाली त्या प्रत्येक ठिकाणाहून. एखादी जुनी नोंदणी "आता वापरत नाही" म्हणून लपवू नका. ती नंतर बाहेर आली तर स्पष्टीकरण देणं अवघड जातं.

पाचवं काम: हॉस्पिटल

आखाताच्या फाइलमध्ये सगळ्यात नाजूक कागद हाच. अनुभवपत्रावर लेटरहेड, पद, विभाग, रुजू झाल्याची आणि सोडल्याची नेमकी तारीख, पूर्णवेळ की अर्धवेळ, सही करणाऱ्याचं नाव आणि पद, अधिकृत ईमेल हे सगळं हवं. "मार्च २०१९ पासून" असं मोघम चालत नाही. डेटाफ्लोचा मेल एचआरकडे येतो. एचआरमधली मुलगी नवीन असते, ती रेकॉर्ड पाहून तारीख लिहिते, आणि ती तुमच्या पत्राशी जुळत नाही. म्हणून पत्र घेतानाच विचारा: तुमच्या नोंदीत कोणती तारीख आहे?

बॉण्डच्या नावाखाली हॉस्पिटल मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवतं, हा प्रकार आपल्या शहरातही चालतो. माझ्या एका विद्यार्थिनीची डिग्री अशीच दोन वर्षं कुणाच्यातरी तिजोरीत पडून होती. नोकरीला लागताना मूळ कागद दाखवा, साक्षांकित प्रत द्या, मूळ कागद परत घेऊनच उठा.

नर्सिंग होम बंद पडलं असेल तर? पीएफचं पासबुक, फॉर्म १६, पगार जमा झाल्याची बँकेची नोंद जमवून ठेवा. तरीही पडताळणी होईलच याची खात्री नाही, म्हणून तो अनुभव मोजला नाही तरी भागतंय का ते आधी पाहा. भागत असेल तर तो फाइलमध्ये घालूच नका. आणि ओळखीच्या डॉक्टरांकडून वर्षभराचं जास्तीचं पत्र आणायचा मोह झाला तर तिथेच आवरा. खोटा कागद एकदा सापडला की तो अहवाल त्या देशात तुमच्या नावाला चिकटतो.

सहावं काम: वेळेचं गणित

इंग्रजी परीक्षेचे गुण दोन वर्षं ग्राह्य. व्हिसास्क्रीन पाच वर्षं. एनक्लेक्स मात्र एकदा पास झालात की झालात: कमीत कमी ८५, जास्तीत जास्त १५० प्रश्न, पाच तास.

आता अमेरिकेचं खरं दुखणं. नर्स ज्या ईबी-३ या नोकरीवर आधारित ग्रीन कार्डच्या वर्गात जातात त्यात भारतात जन्मलेल्यांची रांग दहा वर्षांहून लांब आहे. म्हणजे उत्साहाच्या भरात आज व्हिसास्क्रीन काढलंत तर नंबर लागेपर्यंत ते शिळं होईल. माझं मत असं: नावं, ट्रान्सक्रिप्ट, एनक्लेक्स हे आत्ता करा, कारण कॉलेजातली माणसं आणि रेकॉर्ड आज जागेवर आहेत. इंग्रजी आणि व्हिसास्क्रीन तारीख जवळ आल्यावर. नवऱ्याचा जन्म भारताबाहेरचा असेल तर त्याच्या जन्मदेशाच्या रांगेत उभं राहता येतं, हे फार थोड्यांना माहीत असतं.

पोलीस क्लिअरन्सही सगळ्यात शेवटी. पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर अर्ज करायचा आणि ठरलेल्या वेळी पासपोर्ट सेवा केंद्रात हजर व्हायचं.

एजंट

परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणी क्रमांक शोधून पाहा. नाव तिथे नसेल तर ऑफिस कितीही गुळगुळीत असो, जिना उतरा. नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच घेता येतं, पावतीसह. ब्रिटनच्या भरती आचारसंहितेत तर उमेदवाराकडून शुल्क घ्यायलाच मनाई आहे. "पडताळणी आम्ही आतून करून देतो" असं कुणी म्हणालं तर वर सांगितलेलं तत्त्व आठवा: उत्तर कॉलेज, परिषद आणि हॉस्पिटल देतात. यात आत असं काही नसतंच. खात्याचा ईमेल आणि पासवर्ड स्वतःचाच ठेवा. एजंटच्या ईमेलवर उघडलेलं खातं भांडण झाल्यावर परत मिळवताना मुली रडकुंडीला आलेल्या पाहिल्यात.

प्रमाणपत्र आल्यावर

लिफाफा उघडल्यावर फोटो काढून स्टेटसला टाकण्याआधी पासपोर्ट शेजारी ठेवा. नाव, जन्मतारीख, पद, मुदत एकेक अक्षर बोट ठेवून ताडून पाहा. चूक दिसली तर त्याच दिवशी संस्थेला लिहा. मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकी वकिलातीच्या खिडकीपर्यंत ती तशीच नेलीत तर पुढची तारीख मिळेपर्यंत थांबावं लागेल. सगळं बरोबर असेल तर स्कॅन करून एक प्रत ईमेलवर, एक पेन ड्राइव्हवर, आणि मूळ प्रत लॅमिनेट न करता साध्या फोल्डरमध्ये ठेवा.