मोंढ्यातल्या चाचांनी वाचवलेलं छत

परभणीचं ऊन कापडालाही सोसत नाही. आमच्या कॅम्पर व्हॅनच्या, म्हणजे आत झोपायची सोय असलेल्या गाडीच्या, वर उचलणाऱ्या छताभोवतीचं कॅनव्हास घड्यांवर पार विरलं होतं. बोट लावलं की फाटायचं. तयार कापड इथं कुठलं मिळायला? मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, ताडपत्र्या शिवणाऱ्या चाचांकडे गेलो.

“जुनं फाडू नका भैया, नीट काढून आणा,” चाचा म्हणाले.

आधी छताखाली दोन वासे टेकवले. छत उचलून धरणाऱ्या गॅसच्या दांड्या आमच्यासारख्याच थकलेल्या, त्यांच्या भरवशावर डोकं आत घालायची हिंमत नव्हती. कापड जखडणारे रिव्हेट ड्रिलने उडवले, ते दाबून धरणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांवर नंबर टाकले. जुनं कापड ताणून सैल झालेलं, म्हणून त्यावरून फक्त आकार घेतला. उंची गाडीवरच मोजली. धागा पॉलिस्टरचा. सुती लवकर कुजतो.

नवं शिवलेलं कापड बसवताना मात्र घोळ घातला. एका कोपऱ्यातून सुरुवात केली आणि शेवटी चार बोटं कापड उरलं. सगळं काढलं. मग पुढचा-मागचा मध्य खडूने आखून आधी तिथं अडकवलं आणि दोन्हीकडे सरकत गेलो. रिव्हेट पक्के करण्याआधी छत दोनदा मिटून पाहिलं. घडी आत पडायला हवी, नाहीतर कडेत चिमटून भोक पडतं.

शेवटी नळीने भिजवून वाळवलं. सुती कॅनव्हास भिजलं की फुगतं, सुईची भोकं बुजतात. पहिल्यांदा शिवणीतून पाणी ठिबकलं तेव्हा बायको म्हणाली, “झालं का तुमचं?” तिसऱ्यांदा गादी कोरडी राहिली.